हलूनका मास्तरांचं अर्धं मिनिट

विनायक भावसार हे नाव बुऱ्हाणपुरात फक्त पोस्टमन घेत असे. बाकीच्यांसाठी ते हलूनका मास्तर. शनवारा पेठेत अत्तरवाल्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की त्यांचा स्टुडिओ लागायचा. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे राजवाडा रंगवलेला पडदा, समोर तिपाई, तिपाईवर पेटीएवढा कॅमेरा आणि त्यावर काळं फडकं. राजवाड्याचा एक खांब छताच्या गळतीनं ओघळून गेला होता, म्हणून तिथं नेहमी एखाद्या जाड्या पाहुण्याला उभं करत. मग मास्तर हात वर करायचे आणि सुरू व्हायचे, "हलू नका… हलू नका… हलू नका…" आणि बऱ्याच वेळानं, समोरच्याचे डोळे पाण्यानं भरले की म्हणायचे, "झालं."

त्या "झालं"पर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही, ही शिस्त मास्तरांनी एकोणीस वर्षांत अख्ख्या तालुक्याला लावली होती. ज्यानं मोडली त्याचं काय होतं ते जिन्याच्या तोंडाशीच टांगलेलं होतं. देडतलाईच्या लोटूला लग्नाच्या फोटोत ऐन वेळी शिंक आली. फोटोत नवरी एक आली आणि नवरदेवाला नाकं दोन आली. लोटूनं तो फोटो घ्यायला नकार दिला तेव्हा मास्तरांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

अशा माणसाला हलत्या चित्रांचं वेड लागावं, हीच मुळात गंमत.

ते लागलं तापीच्या राजघाटावर. सरकारी प्रचाराची मोटार आली होती आणि तिनं पांढऱ्या पडद्यावर कुठल्याशा धरणाची फिल्म दाखवली. लोक धरण बघत होते. मास्तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातलं पाणी बघत होते. पाणी वाहत होतं. कोणी त्याला हलू नकोस म्हटलं नव्हतं. घरी येऊन ते जेवले नाहीत.

"काय झालं?" बायको सुनंदाबाईंनी विचारलं.

"नदी पाहिली. पडद्यावर. खरी वाहत होती."

"नदीच बघायची होती तर घागर तरी न्यायची होती. पडद्याच्या मागेच तापी होती."

सुनंदाबाईंची जीभ अशी. पण त्या दिवसापासून मास्तरांना आपल्या भिंतीवरची माणसं बघवेनात. सगळी ताठ, सगळी डोळे फाडून बसलेली, आणि सगळी आपणच गोठवलेली. हे ते कोणाला बोलत नसत, पण गल्लीला सगळं कळायचं.

छप्पन सालचा ऑक्टोबर आला. एक नोव्हेंबरला नवं राज्य होणार होतं. नागपूरच्या कचेऱ्यांत गठ्ठे बांधले जात होते. कोण मुंबईकडे, कोण भोपाळकडे, याच्या याद्या निघत होत्या. बुऱ्हाणपूरचे कागद आता भोपाळला जाणार होते. त्याच धांदलीत प्रचाराच्या मोटारीवरचे यादवसाहेब गावात उतरले. फोटोच्या काचा धुवायचं औषध संपलं म्हणून ते मास्तरांच्या जिन्यावर आले आणि दोन तास बसले. उठताना म्हणाले,

"देखो विनायकराव, भोपाळच्या नव्या ऑफिसात कॅमेरामनची एक जागा आहे. एकच. माझा शब्द तिथं चालतो, पण शब्दाबरोबर काहीतरी दाखवावं लागेल ना? वय किती?"

"एकोणचाळीस चालू आहे."

"मग हीच वेळ. चाळिशीनंतर ते अर्जसुद्धा उघडत नाहीत."

त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. पावशेराच्या दोन डब्यांएवढा, बाजूला चावी. घड्याळासारखी चावी द्यायची, कळ दाबायची, की आतलं रीळ आपोआप फिरू लागतं. कळ पुढं ढकलून अडकवली तर बोटही ठेवायला नको.

"आत शेवटचे बारा-तेरा फूट उरलेत. एका चावीचा जीव. अर्धं मिनिट समजा. दुसरं रीळ नाही, मागू नका. तुकडे जोडायचं यंत्रही माझ्याकडे नाही. म्हणून एकच जागा, एकच दृश्य. तिपाईवर ठेवायचा आणि विसरून जायचं. नवा माणूस काय करतो माहीत आहे? काही हललं की त्याच्यामागे कॅमेरा फिरवतो. बघणाऱ्याला उलटी होते. जे हलतंय त्याला हलू द्या. तुम्ही हलू नका."

हे शेवटचं वाक्य साहेबांनी कुणाला सांगितलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. खाली अत्तरवाला जिन्याला कान लावून होता, तो हसून हसून बाटल्या सांडायचा राहिला.

साहेब खंडव्याला गेले. गुरुवारी सकाळी परत येऊन कॅमेरा नेणार होते. म्हणजे मास्तरांच्या हातात सोमवार, मंगळवार, बुधवार आणि अर्धं मिनिट.

काय घ्यायचं ते मास्तरांना लगेच सुचलं. जसोंडीचा कडू पाटील आठवड्यापूर्वीच सांगून गेला होता की त्याच्या केळीच्या नव्या बागेतला पहिला घड बुधवारी उतरणार. कडूच्या घरात याची रीत होती. नव्या बागेचा पहिला घड घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं उतरवायचा. तो मातीला लागू द्यायचा नाही. आणि उतरेपर्यंत तिनं पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. कडूची आई धुरपदाबाई सत्तरीची होती, पण विळा अजून तीच चालवायची. आधी केळीच्या खोडात दोन घाव घालायचे, पार तोडायचं नाही. मग खोड आपल्याच वजनानं हळूहळू वाकतं, घड खाली येतो, खाली उभा असलेला मुलगा तो खांद्यावर घेतो आणि आई दांडा कापते. बस्स. अर्ध्या मिनिटात बसणारी गोष्ट.

मंगळवारी मास्तरांनी घरात सराव केला. सुनंदाबाईंना मुसळ हातात देऊन खांबाशी उभं केलं, रिकाम्या पेटीला कॅमेरा समजून कळ दाबली आणि तोंडानं "चालू!" म्हटलं. एकदा, दहादा, वीसदा.

"चालू, चालू काय लावलंय? कोणाला सांगताय?"

"तोंडाला वळण लावतोय. नाहीतर भलतंच निघायचं."

सुनंदाबाई मुसळ टेकवून एक क्षण बघत राहिल्या. त्या चेष्टा करणार होत्या, पण केली नाही. "निघणार नाही," एवढंच म्हणाल्या. त्यामुळे मास्तर जास्तच घाबरले.

बुधवारी सकाळी नऊला ते जसोंडीला पोचले. बागेत काळोख. केळीच्या बागेत भर दुपारीही अंधारच असतो, म्हणून कडूनं त्या एका केळीभोवतीची पानं उतरवून ठेवली होती. मधोमध चार हात रुंदीचा उजेडाचा पट्टा पडला होता. मास्तरांनी तिपाई रोवली, तिच्या पायांवर दगड ठेवले. चौकटीत वर केळीचा शेंडा येतो, खाली कडूचे पाय येतात, हे तीनदा पाहिलं. धुरपदाबाईच्या पायाखाली चुन्यानं खूण केली. शेजारच्या मळ्यांतली पंधरा-वीस बाया-माणसं बांधावर येऊन बसली.

विळा न मारता सराव झाला. "चालू!" म्हटलं की म्हातारी विळा उचलते, कडू पुढं सरकतो. सगळं ठीक. मास्तर चावी द्यायला वळले आणि उजेडाचा पट्टा पुसल्यासारखा गेला.

वर ढग.

"जाईल," मास्तर म्हणाले. दहा वाजले. अकरा वाजले. ढग सरकत होता, पण त्याच्यामागे त्याचा भाऊ येत होता. बारा वाजता कडू तिपाईपाशी आला.

"मास्तर, माय कालपासून उपाशी हाये. पानीबी नही घेतलं."

"उजेड नाही रे कडू. काळं येईल सगळं."

"तं येऊ द्या काळं! माही माय पडली तं?"

धुरपदाबाई खोडाला टेकून बसली होती. ओठ सुकले होते. ती तिथूनच म्हणाली, "पडत नही मी. तुह्या बापाचा फोटू काढाले याच फोटूवाल्यानं दोन घंटे बशवलं व्हतं. तो काई मेला नही तवा. मेला तो नंतर."

बांधावर हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. त्यांचं लक्ष म्हातारीच्या हाताकडे होतं. सकाळी त्या हातात विळा ताठ होता, आता त्याचं टोक मातीला टेकलं होतं. म्हणजे आता दोन ढग होते, एक वरचा आणि एक हा. एक वाजला. कडू पुन्हा आला, या वेळी आवाज खाली होता, आणि तो खालचा आवाज जास्त वाईट होता.

"अर्धा घंटा. मंग मी घड उतरवतो. तुमचं मशीन चालो की नको."

मास्तरांनी मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. एका जागेसाठी एका म्हातारीला किती तहानलेलं ठेवायचं? त्यांनी कॅमेऱ्यावरचं फडकं काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. त्यांच्या मनात आलं, आत्ताच "करा" म्हणावं, काळं तर काळं, आणि जिना चढून परत राजवाड्यापुढं बसावं. तेवढ्यात बांधावरची एक बाई ओरडली, "ऊन! ऊन!"

पट्टा परत आला होता. पिवळा, थेट केळीवर.

पुढचं सगळं घाईत झालं. म्हातारी उठली. कडू खाली उभा राहिला, खांद्यावर घोंगडी टाकून. मास्तरांनी चावी दिली, पूर्ण, आणखी एक पीळ बसेपर्यंत. कळ ढकलून अडकवली. कॅमेरा घरघरू लागला. धुरपदाबाईनं विळा उगारला, पहिला घाव खोडात बसला, दुसरा बसला, पाणी उडालं. खोड थरारलं. आणि मास्तरांचा हात वर गेला, एकोणीस वर्षं जातो तसा, आणि मास्तरांच्या तोंडून निघालं,

"हलू नका!"

बाग थांबली.

म्हातारी विळा खोडाला लावून जागच्या जागी गोठली. कडू मान वर करून गोठला. बांधावरची बाया-माणसं, पदर दातात धरलेली, तंबाखू चोळणारी, जशी होती तशी गोठली. कोणी श्वास घेत नव्हतं. सगळ्यांना लोटूची दोन नाकं आठवत होती. आणि कॅमेरा घरघरत होता.

मास्तरांना कळलं काय झालं ते. "चालू" म्हणावं का? तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्यांना हेही माहीत होतं की आता काहीही बोललं तरी वीस माणसं एकदम त्यांच्याकडे वळून बघतील, आणि फिल्मवर घड येणार नाही, वीस आ वासलेली तोंडं येतील. एकोणीस वर्षं त्यांनी हेच बघितलं होतं. म्हणून ते गप्प राहिले. दहा सेकंद गेले असतील. आत फूट संपत होते आणि समोर काहीच होत नव्हतं.

नाही, होत होतं. खोडाच्या जखमेतून पाणी ठिबकत होतं. एक फाटकं पान हळूच फिरलं. म्हातारीच्या गालावरून घामाचा थेंब उतरला आणि हनुवटीला लटकला. मग बारीक आवाज आला, ओली दोरी ताणल्यासारखा. खोड वाकू लागलं होतं.

कुणीही न हलता. अगदी हळू. शेंडा चौकटीतून उतरू लागला आणि त्याच्याबरोबर घड, अर्ध्या मणाचा, सरळ कडूच्या डोक्यावर. आणि कडू हलत नव्हता, कारण मास्तरांनी "झालं" म्हटलं नव्हतं! घड त्याच्या खांद्यावर नाही, कपाळावर येणार होता, आणि तिथून मातीत. कडूचे डोळे मोठे होत होते. मान तशीच होती.

धुरपदाबाईनं फक्त डोळे फिरवून मास्तरांकडे पाहिलं. म्हातारीनं एक क्षण "झालं"ची वाट पाहिली. मग तिनं विळा टाकला.

चुन्याची खूण सोडून ती दोन पावलं पुढं झेपावली आणि घडाखाली आपला खांदा घातला. वजनानं ती कलली, डावीकडे, चौकटीच्या कडेला. मास्तरांचा हात तिपाईच्या दांड्यावर गेला. कॅमेरा जरा डावीकडे वळवला की ती दिसेल. नाहीतर अर्धीच दिसेल. नाहीतर दिसणारच नाही. त्यांनी दांडा धरला. मग सोडला, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले. नखं रुतली तरी ठेवले.

म्हातारी कडेला गेली, अर्धी नाहीशी झाली. तेवढ्यात कडूचा जीव परत आला. त्यानं तिला कमरेला धरून आत ओढलं, आणि दोघं मायलेक चिखलात बसले, दांडा मोडून सुटलेला घड म्हातारीच्या मांडीवर. मातीला लागला नाही. म्हातारी घडाकडे पाहत हसू लागली, दात नसलेलं, तोंडभर. आणि कॅमेरा "टक" करून थांबला.

हसण्याच्या आधी थांबला की नंतर, ते मास्तरांना समजलं नाही.

"झालं," ते म्हणाले. बांधावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मग जे हसणं सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत बुऱ्हाणपुरात पोचलं. मास्तर घरी पोचायच्या आधी पोचलं.

गुरुवारी यादवसाहेब आले, कॅमेरा घेऊन गेले. मास्तरांनी काही सांगितलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. गल्लीनं मात्र सव्वा महिना त्यांना सुखानं जगू दिलं नाही. भाजीवाली तराजू धरून म्हणायची, "हलू नका मास्तर, काटा हलतो." न्हावी गालावर वस्तरा ठेवून तेच म्हणायचा. सुनंदाबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. एकदाच, भाकरी थापताना, पाठ न वळवता म्हणाल्या, "मी म्हटलं होतं निघणार नाही. माझीच नजर लागली."

नोव्हेंबरच्या शेवटी नव्या राज्याचा शिक्का मारलेली तीच जुनी मोटार जसोंडीच्या शाळेपुढं उभी राहिली. दिवेलागणीला पडदा लागला. धुरपदाबाई पुढं खाटेवर, अख्खं गाव मागं. मास्तर सगळ्यांत मागं, कुंपणाला धरून. इथल्या प्रत्येक माणसाला खरं काय झालं ते ठाऊक होतं, आणि त्यातला एकजण तरी साहेबांना ते सांगणार, याबद्दल मास्तरांना शंका नव्हती.

पडदा उजळला. म्हातारी, कडू, केळ. दोन घाव. मग सगळं थांबलं. फिल्म मुकी होती. ती आरोळी तिच्यात नव्हतीच. होतं ते फक्त असं की माणसं श्वास रोखून उभी आहेत आणि एक झाड, एकटंच, त्यांच्यामधून खाली येतंय. शाळेपुढं इतकी शांतता झाली की यंत्राची घरघर बागेतल्यासारखी ऐकू आली. म्हातारी झेपावली, अर्धी नाहीशी झाली, परत आली, घड मांडीवर घेऊन बसली. तिचे ओठ हसण्यासाठी उघडले, आणि पडदा पांढरा झाला.

"अरे, मी तं हालली नव्हती," धुरपदाबाई खाटेवरून म्हणाली, "मंग हे कोन हालून राह्यलं?"

यादवसाहेब उठले. "विनायकराव! इकडे या. भोपाळला चारदा लावली ही फिल्म. सगळ्यांनी एकच विचारलं. माणसांना असं थांबवून झाडाला हलू द्यायचं, हे सुचलं कसं तुम्हाला?"

आता गावाची तोंडं मास्तरांकडे वळली. आणि नवल असं की एकही उघडलं नाही. उलट कडू पुढं आला आणि सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "आठ दिस शिकवलं साहेब आमाले. लय कडक मानूस."

आयती वाट होती. नुसती मान हलवायची. मास्तरांनी ती अर्धी हलवलीही. मग भोपाळची खोली त्यांच्या डोळ्यांपुढं आली, तिथं दुसरं रीळ हातात देणारा कोणी, आणि "पुन्हा असंच करून दाखवा" म्हणणारा.

"नाही साहेब," ते म्हणाले. "'चालू' म्हणायचं होतं. तोंडातून सवयीनं 'हलू नका' निघालं. माणसं घाबरून थांबली. मला काही सुचलं नव्हतं. कडूच्या डोक्यात घड पडला असता."

कडूनं कपाळावर हात मारला. मास्तरांनी कुंपणाची तार पुन्हा घट्ट धरली.

"पुढं?" साहेब म्हणाले. "चुकलं हे कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही."

"ओरडला नाहीत?"

"नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं."

"बाई चौकटीबाहेर चालली होती तेव्हा? तिपाईला हात लावला?"

"लावला. मग काढला."

"मग झालं तर," यादवसाहेब म्हणाले. "चुकतात सगळेच. हात काढणारा मला अजून कोणी भेटला नव्हता."

डिसेंबरात पत्र आलं, पोस्टमननं विनायक भावसार या नावानं दिलं. जानेवारीच्या एका सकाळी मास्तर आणि सुनंदाबाई दोन ट्रंका घेऊन स्टेशनवर आले. स्टुडिओ अत्तरवाल्याच्या भाच्यानं घेतला होता, राजवाड्यासकट; लोटूचा फोटो मात्र ट्रंकेत होता. निरोपाला अख्खी गल्ली आली होती, जसोंडीहून कडू आणि म्हातारीही. गाडी आली, ट्रंका चढल्या. मास्तर खिडकीत बसले आणि हात हलवायला बाहेर काढला.

फलाटावर कोणीच हात हलवला नाही. शिटी वाजताच सगळी गल्ली गोठली होती. भाजीवालीनं हात अर्धा वर धरला होता, न्हाव्यानं तोंड उघडं, कडूनं मान वर, आणि पुढं धुरपदाबाई, मांडीवर केळ्यांची फणी घेऊन ट्रंकेएवढ्या गाठोड्यावर बसलेली. डोळेसुद्धा मिटत नव्हते. गाडी हलली, सरकू लागली, आणि ती सगळी माणसं तशीच उभी, एकेक करून मागं जाऊ लागली.

मास्तरांना "झालं" म्हणायचं होतं. खिडकीच्या चौकटीतून ते नुसतं बघत राहिले. हात बाहेरच राहिला होता, तोही हलेना.

शेवटी सुनंदाबाईंनी त्यांना बाजूला सारलं, अर्ध्या खिडकीबाहेर वाकल्या आणि चांदनी स्टेशनापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "झालं रे मेल्यांनो, झालं! श्वास घ्या!"